डुमसला चपला सांभाळल्या, आता गिरणेत खेळायचंय

गिरणाथडी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीत घरची सगळी फौज घेऊन सुरतला मेव्हण्याकडे गेलो होतो. ताप्ती लाइनची गाडी, पाय ठेवायला जागा नाही. एक दिवस ठरला डुमसचा. आपली तापी इथून वाहत जाऊन जिथं समुद्राला मिळते, त्याच बाजूची ती काळी वाळू. माझा उजवा पाय पोलिओचा, मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे सळ्या-पट्ट्यांचा लोखंडी आधार. वाळूत कॅलिपरचा बूट रुतला की काठीवर जोर द्यायचा, मग काठी रुतते. ती उपसायची तर जोर पुन्हा बुटावर. वीस पावलांत घामाघूम झालो आणि मागं वळून कठड्यावर येऊन बसलो.

मग सगळ्यांनी माझ्यापुढं चपला काढल्या. अकरा जोड, चार मोबाइल, एक पर्स आणि अर्धं खाल्लेलं कणीस. पुतणी पळता पळता ओरडली, "काका आहेत ना, काळजी नाही!" पोरीचं चुकलं असं नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. जत्रा असो, धरण असो, नदी असो, माझा हुद्दा हाच. लहानपणी भाऊ गिरणा नदीच्या वाळूत कबड्डी खेळायचे तेव्हा मी काठीनं वाळूवर गुण लिहायचो.

परत येताना गाडीत मोबाइलवर सिटिंग व्हॉलीबॉल बघितला. बसून खेळायचा. मैदान १० मीटर बाय ६ मीटर, जाळी पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि बायकांसाठी १.०५. चेंडू मारताना ढुंगणापासून खांद्यापर्यंत शरीराचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला हवा, एवढीच मोठी अट. १९५६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला, १९८० पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, बायकांचा २००४ पासून. आणि आपण सत्तेचाळीस वर्षं चपला सांभाळतोय!

तर प्रश्न असा. आमचं गाव गिरणेच्या काठी आहे. धरणातून पाणी सोडतात त्या दोन आवर्तनांच्या मधे पात्र कोरडं असतं, कडेची वाळू ओलसर आणि घट्ट. जानेवारीत तिथं आसपासच्या गावांतली दहा-पंधरा जणं जमवून खेळता येईल का? रस्त्यापासून वाळूपर्यंत साठ-सत्तर फूट आहेत. काय लागेल, काय चुकेल, कुणी केलंय का, सांगा. धडधाकट मंडळींनीही लिहा. फक्त "प्रेरणादायी" हा शब्द नको.

बट्टीवरण
तोच शब्द टाइप करत होतो. बॅकस्पेस मारला.

जानेवारी म्हणजे भरीत पार्टीचे दिवस. पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची जबाबदारी माझी, बाकी खेळाचं तुम्ही बघा.

पांढरं_सोनं
भावना पोचल्या, पण जरा जमिनीवर या. आम्हना गावमा नदी शे, रेती नही. रात्री बारानंतर ट्रॅक्टर लागतात ते पहाटेपर्यंत. पात्रात पुरुषभर खड्डे झालेत, वरून पाणी सारखं दिसतं आणि दरवर्षी कुणाचं तरी पोर त्यात जातं. तिथं अपंग माणसांना नेणार? आणि मुळात ज्याला घराच्या उंबऱ्याबाहेर यायची सोय नाही, त्याला वाळूवरचा व्हॉलीबॉल कशाला? आधी अपंगत्वाचा दाखला, आधी पेन्शन, आधी रस्ता. खेळ ही शेवटची गोष्ट.

गिरणाथडी
खड्ड्यांचं शंभर टक्के बरोबर. जागा निवडताना बांबूनं टोचून बघावीच लागेल.

बाकीचं पटलं नाही भाऊ. दाखल्यासाठी मी तीन वेळा गावाहून जिल्ह्याला गेलोय, एकदा तर डॉक्टर रजेवर म्हणून जिन्याखालून परत. पण दाखला मिळेपर्यंत हसायचं नाही, असा नियम आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पेन्शन-आरक्षणाबरोबर कलम ३० आहे, ते निव्वळ खेळांचं. सरकारलासुद्धा ते शेवटचं वाटलं नाही.

उधनाकर
मूळचा अमळनेरचा, वीस वर्षं झाली सुरतेतल्या उधन्यात. बांधकामावरून पडलो, छातीखाली काही कळत नाही, व्हीलचेअरवर असतो. डुमस मला खिडकीतून दिसणाऱ्या रिक्षाइतकं जवळ आहे आणि तितकंच लांब. तुमच्या धाग्यावर लिहिणं भागच आहे.

पहिली गोष्ट. सिटिंग व्हॉलीबॉल हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर खेळतात. दोन हात टेकून सर्रकन् सरकायचं, त्यातच सगळा खेळ आहे. वाळूत बूड सरकत नाही. खड्डा पडतो आणि तुम्ही त्यात बसता. मी करून बघितलंय, चेंडू दोन हातांवर पडला तरी पोचता येत नाही. म्हणून १० बाय ६ विसरा. मैदान अर्धं करा, माणसं जास्त ठेवा. आणि हॉलमधला टणक चेंडू नको, बीचवाला घ्या. त्यात हवा कमी असते, ०.१७५ ते ०.२२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. हॉलच्या चेंडूत ०.३० च्या पुढं असते. बसलेल्या माणसाचं तोंड चेंडूच्या वाटेतच असतं, एवढं लक्षात ठेवा.

वाळूवरचा पॅरा व्हॉलीबॉल म्हणून जो अधिकृत प्रकार आहे, तो उभ्यानं खेळायचा, तिघा-तिघांचा. एक हात नसलेले, कृत्रिम पाय लावणारे असे लोक खेळतात. तुमच्यात तसे कुणी असतील तर त्यांची वेगळी जाळी बांधा, सगळ्यांना बसवू नका. बसवणं हाही एक अन्यायच.

दुसरी गोष्ट खुर्चीची. साधी व्हीलचेअर वाळूत पुढं ढकलली की पुढची छोटी चाकं नांगरासारखी घुसतात आणि माणूस तोंडावर. उलटी करायची. मागच्या मोठ्या चाकांवर कलंडवून, पाठमोरी ओढत न्यायची. साठ फुटांसाठी दोन माणसं पुरतात. पण ओढण्याआधी बसलेल्याला विचारा. मला एकदा न विचारता चार उत्साही पोरांनी पालखीसारखं उचललं होतं. त्यात लघवीची नळी ओढली गेली.

तिसरी गोष्ट, लिहायला लाज वाटत नाही म्हणून लिहितो: संडास. तो नसेल तर आमच्यासारखे लोक आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. बायका तर येतच नाहीत. तुम्ही म्हणाल "बोलावलं तरी कुणी आलं नाही". कारण हे असतं.

कळणाभाकर
उधनाकर दादा, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

माझी मुलगी चौदाची, ऐकू येत नाही. अशा कार्यक्रमांत तिला नेहमी "हिला काय, ही तर धडधाकट" म्हणून प्रेक्षकांत बसवतात. वाळूची तिला काहीच अडचण नाही. अडचण शिट्टीची आहे. पंचाच्या हातात लाल फडकं द्या, शिट्टी वाजवताना तेही वर करा. सूचना देणाऱ्यानं तोंड तिच्याकडं करून बोलावं, सूर्य त्याच्या पाठीशी नसावा. नाहीतर ओठ दिसत नाहीत. आणि कुणाच्या पोराला कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर बाहेरचं यंत्र काढून, डबीत घालून, आईकडं द्यायचं. वाळू गेली की संपलं.

वेल्डिंगवाला
धुळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे. माझ्या कामाचं बोलतो.

रस्त्यापासून वाळूपर्यंत जुना कन्व्हेयर बेल्ट अंथरा. खडी क्रशरवर, साखर कारखान्यात झिजलेले पट्टे भंगारात निघतात. तीन फूट रुंद मिळाला तर सोनं. खुर्ची, काठी, कॅलिपर, काहीही त्यावर रुतत नाही. परदेशात किनाऱ्यावर गुंडाळता येणाऱ्या चटया टाकतात, त्याचा हा आपला भाऊ. दोष एकच, वजन. ट्रॅक्टरशिवाय हलत नाही. आणि ऊन लागलं की तव्यासारखा तापतो, त्यावरून कुणी रांगत जाणार असेल तर आधी पाणी मारा.

कायमचं लाकडी बांधायचं मनात असेल तर चेन्नईचं उदाहरण बघा. मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्याच्या जवळपर्यंत लाकडी रॅम्प केला. लोक रडले, फोटो काढले. पंधरा दिवसांत मंदौस चक्रीवादळ आलं आणि त्याचा बराच भाग मोडला, परत दुरुस्त करावा लागला. गिरणेला पूर येतो. जे गुंडाळून घरी नेता येतं तेच टाका.

खुर्चीचं म्हणाल तर जाड फुगीर चाकाच्या बीच व्हीलचेअरची किंमत ऐकून मीच खुर्चीत बसलो. तत्त्व मात्र साधं आहे. उंटाचा तळवा रुंद, म्हणून तो रुतत नाही. वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरतं. मी जीआय पाइपची चौकट करून देतो, चाकाच्या जागी मोठ्या ट्यूब, हवा इतकी कमी की अंगठ्यानं दाबली तर आत गेली पाहिजे. बॉल बेअरिंग नको, वाळूनं आठवड्यात खातं. नायलॉनचं बुश टाकतो. मजुरी नको, पाइपचे पैसे द्या.

पांढरं_सोनं
पाइपचे पैसे कुठून?

गिरणाथडी
ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. एका गावात (नाव घेत नाही) त्या पैशांतून दरवर्षी स्टीलचे डबे वाटतात. माझ्या ओळखीच्या एकाकडं सहा डबे झालेत, तो म्हणतो आता लोणचं किती घालू? यावेळी अर्ज केलाय की डबा नको, पाइप द्या.

फिजिओ_ताई
दवाखान्यातून सुटका झाल्यावर वाचलं. थोडं कडू लिहिते.

मार्चनंतर हे करू नका. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारची वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तुम्हाला-मला चटका कळतो. ज्याला पायाची किंवा बुडाची संवेदना नाही, त्याला फोड आल्यावर घरी कुणीतरी सांगतं. मणक्याला मार लागलेले आणि कुष्ठरोगातून बरे झालेले, या दोघांना हा धोका सारखाच. कुष्ठरोगवाल्यांनी एमसीआर चप्पल (मऊ रबराची, त्यांच्यासाठीच केलेली) काढायची नाही, वाळूतही नाही. खेळून झालं की तळपाय, तळहात, बूड, सगळं बघायचं. स्वतःला दिसत नसेल तर आरसा धरून.

उधनाकर, तुमच्यासारख्या मणक्याच्या वरच्या भागाला मार लागलेल्यांना मार लागलेल्या जागेखाली घाम येत नाही, हे आयोजकांना माहीत नसतं. अंग तापत जातं. ओला पंचा, सावली, दर पंधरा मिनिटांनी विश्रांती. शेतातली हिरवी शेडनेट बांबूवर ताणली तर काम होतं.

जयपूर फूट लावणाऱ्यांनी घाबरू नये, रबरी पाय आहे, वाळू-पाणी सोसतो. त्रास होतो तो वर, सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीत. एक कण आत गेला तरी तो उरलेला पाय सोलून निघतो. जादा मोजे आणा, दर डावानंतर काढून झटका.

तोरणमाळची_वाट
धडगाव भागात आरोग्याचं काम करते. एक गट तुमच्या यादीत नाहीच. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे, आणि नंदुरबारच्या पाड्यांवर ते घराघरांत माहीत आहे. बघायला ही पोरं ठणठणीत. म्हणून मास्तर पळवतात, पाणी पिऊ देत नाहीत, आणि रात्री पोर हातपाय दुखून लोळतं. रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, दमछाक झाली किंवा एकदम गार पाण्यात उतरलं की कळ येते. कित्येकांचं खुब्याचं हाड लहान वयातच खराब होतं.

त्यांना खेळवू नका असं नाही. उलट बसून खेळायचा व्हॉलीबॉल खुब्यासाठी बरा. पण प्रत्येकाजवळ स्वतःची पाण्याची बाटली, आणि "थकलो" म्हणाला की वाद न घालता बदली खेळाडू. दमून घामाघूम झालेल्याला नदीत डुंबायला सोडू नका.

खुळखुळा
मला दिसत नाही, स्क्रीन रीडरनं वाचतो. (मंडळी, प्रतिसादात दहा-दहा स्माइली टाकू नका, यंत्र प्रत्येकीचं नाव वाचतं.)

अंधांचं क्रिकेट आठ वर्षं खेळलो. आमच्या चेंडूत छर्रे असतात, तो जमिनीलगत सरपटत येतो आणि वाजतो. गेल्या साली एका उत्साही मंडळानं आम्हाला नदीच्या वाळूत खेळायला नेलं. चेंडू टाकला की थप्प. वाळूत चेंडू घरंगळत नाही, आणि घरंगळला नाही तर वाजत नाही. अकरा माणसं कान टवकारून उभी आणि चेंडू मुका! वरून टाळ्या वाजत होत्या, त्यामुळं उरलंसुरलंही ऐकू येईना.

वाळूत आमच्यासाठी खेळ आहे, तो तुमच्या भावांनीच खेळला. कबड्डी. चढाई करणारा स्वतःच "कबड्डी कबड्डी" म्हणतो, म्हणजे आवाज आला. राहिली पकड करणारी बाजू. त्यांच्या पायात बैलांच्या घुंगुरमाळा बांधा, पोळ्यानंतर नुसत्याच खुंटीला असतात. बीच कबड्डीत बाजूला चारच गडी असतात, ते बरं, गर्दी झाली तर आवाज कळत नाहीत. सीमेवर वाळूखाली सुंभाचा दोर पुरा, पायाला लागला की कळतं.

नाहीतर कुस्ती. दोघांचे हात आधी एकमेकांच्या अंगावर ठेवून सुरू करायची. अंधांच्या ज्यूदोत असंच करतात, १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. पॅरिसला २०२४ मध्ये कपिल परमारनं त्यात कांस्य आणलं, ज्यूदोतलं आपलं पहिलं पॅरालिम्पिक पदक. वाळूत पडलं तर लागतही नाही.

बट्टीवरण
घुंगुरमाळा माझ्याकडं दोन जोड आहेत. बैल विकले, माळा राहिल्यात.

चोपडेकर
उद्घाटनाला आमदारांना बोलवा, मोठा बॅनर लावू, मैदान, मंडप, सगळं होईल. माझी ओळख आहे.

उधनाकर
नको भो. पाहुणे दोन तास उशिरा येतात, तोवर आम्ही उन्हात. मग व्यासपीठाला पायऱ्या असतात आणि सत्कार खाली उतरून होतो.

चोपडेकर
बरं. मग जेवणाचं मी बघतो.

बट्टीवरण
जेवणाचं ठरलंय.

गिरणाथडी (सव्वा महिन्यानं)
झालं एकदाचं. वृत्तांत देतो, मोठा आहे.

आधी पाटबंधारेच्या शाखेत जाऊन आवर्तनाची तारीख विचारून घेतली. दोन आठवडे पाणी सुटणार नव्हतं. आदल्या दिवशी बांबू घेऊन सगळी जागा टोचली. दोन ठिकाणी बांबू कमरेइतका आत गेला, तिथं लाल फडकी लावली. पांढरं_सोनं यांचं म्हणणं खरं निघालं आणि ते स्वतः बांबू घेऊन होते, हेही नोंदवतो.

बेल्ट मिळाला चाळीस फूट. ट्रॅक्टरनं ओढत आणला. उरलेल्या वीसेक फुटांवर बारदानं अंथरली, ती पहिल्याच खुर्चीखाली गोळा झाली. मग पाठमोरं ओढणं. तेवढ्या वीस फुटांतच सगळ्यांचा घाम निघाला.

बोलावले सव्वीस, आले सतरा. शेडनेटचा आडोसा करून त्यात कमोडची खुर्ची ठेवली होती, खाली खड्डा. तरी एक बाई पाऊण तास रिक्षातच बसून होती. आडोशाचं तोंड रस्त्याकडं होतं. आम्हा पुरुषांच्या डोक्यात आलंच नाही. कळणाभाकर ताईंनी येऊन तो फिरवला, मग ती उतरली आणि दिवसभर परत रिक्षाकडं गेली नाही. सर्व्हिस काय मारते! बसल्या बसल्या, मुठीनं, खालून.

मैदान आधी ८ बाय ५ आखलं. उधनाकर म्हणाले होते तसंच झालं, मधल्या मोकळ्या जागेत चेंडू पडायचा आणि दोन्हीकडून हात नुसते लांब व्हायचे. मग ६ बाय ४ केलं, चौघांऐवजी पाच जण बसलो. ओल्या वाळूत थोडं सरकता येतं, कोरड्यात नाही. म्हणून दोन पोरं सारखी बादलीनं पाणी शिंपत होती. जाळी मासेमारीची, बांबूला बांधलेली, मधे झोळ पडायचा.

मी कॅलिपर काढलं. बूट, पट्टे, सळ्या, सगळं. चारचौघांत काढायची सवय नाही, उघड्यावर तो बारीक पाय बघायला मलाच कसंसं होतं. पण बाजूला बघितलं तर एकाचा जयपूर फूट वाळूत उभा, एकीच्या कुबड्या आडव्या, सरळ पायांचा बट्टीवरण आमच्या बाजूनं मांडी घालून बसलेला आणि तो तर उठताही येत नाही म्हणून रडकुंडीला आलेला. पहिला डाव १५-९ नं हरलो. दुसरा आमचा. तिसऱ्याला वांगी भाजली गेली, त्यामुळं अनिर्णित.

कबड्डी दुपारी. खुळखुळा यांनी दोन पकडी केल्या. घुंगरं वाजल्यामुळं गावातल्या कुत्र्यांना वाटलं बैल आले, ती पात्रात उतरली आणि दहा मिनिटं खेळ बंद. कळणाभाकर ताईंची लेक पंच होती, लाल फडकं घेऊन. तिच्याशी वाद घालायची सोय नाही, ती सरळ पाठ फिरवते.

चुकलं ते: पाणी कमी पडलं. सिकलसेलवाली दोन मुलं होती, त्यांच्या बाटल्या दुसऱ्याच कुणी पिऊन टाकल्या, नशीब की वेळेत लक्षात आलं. पुढच्या वेळी बाटल्यांवर नावं. एकाच्या ढोपराला बेल्टच्या कडेची तार लागली. आणि वेल्डिंगवाले भाऊ, तुमची खुर्ची सकाळी झकास चालली, दुपारी डावीकडं झुकायला लागली. ट्यूब बसली. वर आणून बघितलं तर बाभळीचे तीन काटे.

पाइपच्या अर्जाचं उत्तर अजून नाही. यंदाचे डबे मात्र वाटून झाले.

पांढरं_सोनं
पुढच्या आवर्तनाआधी तारीख सांगा. नाक्यापासून पात्रापर्यंत मुरूम टाकायचं मी बघतो. आणि ते तुमचं लोखंड तीन तास मांडीवर घेऊन बसलो होतो, वजन आहे हो त्याला.

वेल्डिंगवाला
काट्यांचं डोक्यातच नव्हतं, नदीकाठी बाभळी असणारच. ट्यूब फेकू नका, पॅच बसतो. पुढच्या जोडीला आतून जुन्या टायरची पट्टी टाकून देतो. झुकते म्हणता ती डावीकडंच ना? उजवीकडं असेल तर काटा नाही, वेल्ड गेलंय. फोटो टाका.